माझं यकृत, जिल्हा परिषदेची भिंत

धाराशिव जिल्ह्यातल्या पुष्कळ शाळांच्या भिंतींवर माझं यकृत आहे. कळंबकडे आहे, परंड्याकडे आहे. वाशी तालुक्यातल्या एका शाळेत तर ते पाण्याच्या टाकीमागच्या भिंतीवर आहे, कारण दर्शनी भिंत हेडसरांनी महापुरुषांसाठी राखून ठेवली होती. शाळांमधून 'बोलक्या भिंती' सुरू झाल्या आणि दुकानांच्या पाट्या, ट्रॉलीमागचे शेर अन् निवडणुकीची चिन्हं रंगवून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्या पेंटरला एकदम शैक्षणिक वजन आलं. बाराखडी, पाढे, सूर्यमाला, महाराष्ट्राचा नकाशा आणि मानवी पचनसंस्था असा संच मी ठरवून टाकला होता. पचनसंस्थेचा दर इतरांहून जास्त, कारण तिच्यात आतडी येतात आणि आतड्यांना वेळ लागतो.

यकृताला मी चॉकलेटी लावायचो. शाळेच्या दारांचा ऑइलपेंट उरलेलाच असायचा. पित्ताशय पोपटी, जठर गुलाबी, स्वादुपिंड पिवळं. शुद्ध रक्ताची नळी लाल, अशुद्ध रक्ताची निळी. यकृतावर मध्यापासून थोडी सरकवून एक काळी रेघ ओढायची, म्हणजे उजवा भाग मोठा आणि डावा लहान दिसतो. ही रेघ मी डोळे झाकून ओढू शकत होतो, आणि हात बसला म्हणजे विषय कळला अशी माझी पक्की समजूत होती. गल्लीत कुणाचं पोट दुखलं की मी कानावर ब्रश ठेवून विचारायचो, "इथं दुखतंय का इथं?" आणि उत्तर काहीही आलं तरी गंभीरपणे मान हलवायचो.

मग माझंच दुखलं.

भूम तालुक्यातल्या एका शाळेचं काम चालू होतं. हा भाग खव्याच्या भट्ट्यांचा. कुंथलगिरीचा खवा आणि पेढा नावाजलेला. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची स्वतःची भट्टी होती. माझं लहान आतडं बघून ते इतके खूश झाले की संध्याकाळी ताटलीभर गरम खवा, वरून साखर पेरून, घेऊन आले. पाहुणचाराला नाही म्हणायचं नाही हा आमच्या घराण्याचा नियम. दुसरी ताटली आली तेव्हाही मी घराण्याशी इमान राखलं.

मध्यरात्री बरगडीखाली उजव्या अंगाला कुणीतरी पाना लावून आवळायला सुरुवात केली. कळ पाठीत खवाट्याखाली निघाली. उठलो, बसलो, वर्गात येरझाऱ्या घातल्या, सूर्यमालेखाली आडवा झालो. तीनेक तासांनी जशी आली तशी गेली.

आता मला माहीत आहे की आत काय चाललं होतं. यकृत रोज ६०० ते १००० मिलिलिटर पित्त तयार करतं, अखंड. त्यातलं थोडं पित्ताशयात जाऊन बसतं. ही पिशवी ७ ते १० सेंटिमीटर लांब, मावतं फार तर ३० ते ५० मिलिलिटर. पण आतलं पाणी शोषून ती पित्त घट्ट करते. तुपातेलाचं काही लहान आतड्यात उतरलं की तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं आणि पिशवीला सांगतं, पिळ स्वतःला. तोंडाशी खडा अडकलेला असेल तर पिशवी बंद दारावर जोर करत राहते. खव्यात स्निग्धांशाशिवाय दुसरं असतं तरी काय? मी दोन ताटल्या संप्रेरक मागवलं होतं.

त्या पहाटे मात्र मी निदानासाठी माझ्याच भिंतीसमोर जाऊन उभा राहिलो. दुखतंय उजवीकडे. उजवा हात सरळ पुढे केला. बोट टेकलं जठरावर. म्हणजे अॅसिडिटी. मी निश्चिंत झालो. शाळा भरल्यावर हेडसरांनाही करून दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर आहे." तेवढ्यात झाडायला आलेली तिसरीतली एक पोरगी झाडू थांबवून म्हणाली, "सर, चित्रातला माणूस आपल्याकडं तोंड करून उभा हाय. त्याचा उजवा हात त्या अंगाला हाय की." हेडसर तिला म्हणाले, "तू झाड."

मी घरी आलो आणि अॅसिडिटीवर उपचार सुरू केले. आमसुलाचं पाणी झालं, सुंठसाखर झाली. कुणीतरी थंड दूध सांगितलं; मी सायीसकट प्यालो, आणि पिशवीने रात्री पुन्हा पाना लावला. शेवटी बायकोने, "अहो, भिंतीला विचारून झालं असंल तर आता डॉक्टरला विचारा," म्हणून सोनोग्राफीला नेलं.

सोनोग्राफीच्या पडद्यावर मी पहिल्यांदा स्वतःचं पित्ताशय बघितलं. पोपटी नव्हतं. काळं होतं, आणि त्याच्या तळाशी पांढरेशुभ्र ठिपके. प्रत्येक ठिपक्यामागे काळी सावली. खडा ध्वनिलहरींना पुढे जाऊ देत नाही, म्हणून मागे अंधार पडतो, आणि त्या सावलीवरूनच खडा ओळखतात. कुशीवर वळायला सांगितलं तर ठिपके सावल्यांसकट घरंगळले. मी म्हणालो, "शेडिंग चांगलं आहे." सोनोग्राफीवाल्या मॅडम काही बोलल्या नाहीत.

खडे निघाल्याची बातमी आमच्या गल्लीत वावटळीच्या वेगाने पसरली. अडचण एवढीच, की खडा म्हटला की आमच्याकडे मुतखडाच. शेजारच्या अण्णांनी हुलग्याचं माडगं आणून दिलं. आक्काने कळंबहून पानफुटीची पानं पाठवली. मेहुण्याने बिअरचा सल्ला दिला आणि सोबत बसायचीही तयारी दाखवली. रोज सकाळी अण्णा कंपाउंडवरून विचारायचे, "पडला का?" मी सांगायचो, "अण्णा, हा खडा त्या वाटेला नाहीच. पित्ताची वाट वेगळी, लघवीची वेगळी." अण्णा म्हणायचे, "वाट कुठली का असंना, पाणी जास्त प्या." माझ्याच पचनसंस्थेच्या चित्रात मूत्रपिंडं नव्हती, त्याचा पैसा वेगळा असायचा; तेव्हा लोकांना बोल तरी कसा लावणार?

डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. ते टाळायचा मार्ग मला व्हॉट्सॲपवर सापडला. सफरचंदाचा रस प्यायचा, मग मेडिकलमधून एप्सम सॉल्ट आणून घ्यायचं, आणि रात्री झोपताना पेलाभर ऑलिव्ह तेल लिंबाच्या रसात फेटून एका दमात. सकाळी खडे बाहेर. मे महिन्यात सफरचंदाला हात लावायची सोय नव्हती म्हणून मी उसाचा रस घेतला. ऑलिव्ह तेलाचा भाव ऐकून घाण्यावरचं करडईचं तेल घेतलं. पिताना डोळ्यांपुढे कुलदैवत उभं राहिलं. रात्री कळही आली. पण सकाळी, अहो आश्चर्यम्, खरोखरच हिरवे गोळे! वाटाण्याएवढे, बोराएवढे. त्यांचा रंग माझ्या भिंतीवरच्या पित्ताशयाच्या इतका जवळ होता की माझा ऊर भरून आला.

ते मी कसे गोळा केले हे मासिकात लिहिण्यासारखं नाही. धुऊन, पोस्टर कलरच्या रिकाम्या बाटलीत भरून, सोलापूरच्या सर्जनला दाखवायला निघालो. ऑपरेशन रद्द करून घ्यायचं होतं.

धाराशिवहून सोलापूरला एसटी तुळजापूरवरून जाते. दुपारची गाडी, मे महिना, जागा मिळाली ड्रायव्हरच्या पाठीमागे, इंजिनाच्या उबेला. बाटली मी पिशवीत न ठेवता मांडीवर धरली होती, कारण लोकांनी विचारावं अशी इच्छा होती. फेटा बांधलेल्या एका आजोबांनी विचारलं. मी सांगितलं. "पोटातनं? चिरल्याबिगर?" त्यांनी बाटली हातात घेऊन उजेडाला धरली, मागच्या सीटवर दिली, ती थेट कंडक्टरपर्यंत जाऊन आली. दोघांनी तेलाचं प्रमाण लिहून घेतलं. तुळजापूरला गाडी थांबली तेव्हा मी आईला खिडकीतूनच हात जोडले. घाट उतरून गाडी सपाटीला लागली, ऊन खिडकीतून मांडीवर आलं, आणि मला गार वाऱ्याशिवायच डुलकी लागली.

सोलापूर स्टँडवर जाग आली तेव्हा बाटलीत गोळे नव्हते. हिरवं तेल होतं. थोडं झाकणातून झिरपून सोनोग्राफीच्या रिपोर्टवर उतरलं होतं. खडे दाखवणारा फोटो पारदर्शक झाला होता.

सर्जननी बाटली उघडली, वास घेतला. "करडई?"

"घाण्यावरचं," मी म्हणालो.

मग त्यांनी शांतपणे सांगितलं की मी रात्रभर पोटात साबण केला होता. तेलातली स्निग्धाम्लं पाचकरसाने सुटी होतात, क्षारांशी जुळतात आणि त्यांचे गोळे बनतात. हिरवा रंग पित्ताचा. २००५ साली न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये असल्याच गोळ्यांची हकीकत छापली. त्यांच्या रुग्ण बाईंनीही गोळे मोठ्या अभिमानाने आणले होते. तपासले तर त्यांत कोलेस्टेरॉल नाही, पित्तातलं बिलिरुबिन नाही; आणि ४० अंशांना दहा मिनिटांत वितळून हिरवं तेल. न्यूझीलंडवाल्यांना त्यासाठी प्रयोगशाळा लागली. आमच्याकडे एसटीची मांडी पुरली.

"शिवाय," डॉक्टर म्हणाले, "पित्ताशयाची नळी आतून दोन-तीन मिलिमीटरची. बोराएवढे गोळे तिच्यातून उतरले असते तर तुम्ही एसटीने आला नसता, ॲम्ब्युलन्सने आला असता." त्यांनी पुन्हा सोनोग्राफी केली. खडे सावल्यांसकट जागच्या जागी.

एवढं झाल्यावर माणसाने गप्प बसावं. मी पिशवीतून गुंडाळी काढली. पचनसंस्थेचा माझा मूळ तक्ता, ज्यावरून सगळ्या भिंती रंगवल्या तो. म्हटलं, उद्या ऑपरेशन करायचंच असेल तर कुठली नळी कापायची यावर आधीच एकमत झालेलं बरं.

डॉक्टरांनी तक्ता टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवले आणि बराच वेळ बघितला. म्हणाले, "सुंदर आहे. असं पोट मला आजवर मिळालेलं नाही." मग त्यांचं बोट माझ्या काळ्या रेघेवर आलं. "ही काय?"

"उजवं यकृत, डावं यकृत."

"ही खोटी हद्द आहे, पेंटर. इथं यकृताला पुढून धरणारा एक पडदा असतो, तो वरून दिसतो म्हणून पुस्तकवाल्यांनी रेघ मारली. आतल्या रक्तवाहिन्या ही रेघ मानत नाहीत." खरी हद्द, ते म्हणाले, पित्ताशयाच्या खळग्यापासून निघून मागच्या मोठ्या शिरेपर्यंत जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेम्स कॅन्टली नावाच्या स्कॉटिश सर्जनने ती दाखवली. (याच कॅन्टलींचे विद्यार्थी सन यत-सेन यांना १८९६ साली लंडनमधल्या चिनी वकिलातीत डांबून ठेवलं होतं, तेव्हा गुरुजींनी बोंबाबोंब करून त्यांना सोडवलं. हद्दीच्या कामात पक्का असलेला माणूस धीटही असावा.) पुढे १९५७ साली क्लोद कुइनो या फ्रेंच माणसाने यकृताची आठ गटांत मोजणी केली. गट नंबर आठ, आणि प्रत्येक गटाला आपापला पाट: रक्त आणायचा वेगळा, पित्त न्यायचा वेगळा. म्हणून सर्जनला एक गट काढून शेजारचा भिजता ठेवता येतो. मी जिल्हाभर चुकीची मोजणी करून ठेवली होती, तीही ऑइलपेंटने.

स्वादुपिंडाकडे आल्यावर डॉक्टर जरा हळवे झाले. यकृताकडून येणारी पित्तनलिका स्वादुपिंडाच्या डोक्यामागून, कधी त्याच्या आतून उतरते, स्वादुपिंडाच्या नळीला मिळते आणि दोघी मिळून लहान आतड्याच्या सुरुवातीला एकाच बारीक तोंडाने उघडतात. एखादा छोटा खडा पिशवीतून निसटून त्या तोंडाशी बसला तर वर कावीळ आणि बाजूला स्वादुपिंडाची आग, दोन्ही एकदम. "तुमचे मोठे खडे त्रास देतात, मला भीती बारक्यांची," ते म्हणाले. स्वादुपिंडाची ती नळी शोधली योहान विर्सुंग या जर्मन माणसाने, १६४२ साली, इटलीतल्या पाडुआत, फाशी दिलेल्या एका गुन्हेगाराच्या शरीरात. ही नळी कशासाठी आहे ते त्याला कळेना. मग त्याने तांब्याच्या पत्र्यावर तिचं चित्र कोरलं, छापे काढले आणि मोठमोठ्या विद्वानांना पाठवून विचारलं, हे काय असेल?

"मग?" मी विचारलं. माझ्या व्यवसायातला माणूस निघाला होता.

"दुसऱ्या वर्षी त्याचा खून झाला."

आमच्या धंद्यात मानधन थकतं, हे मला ठाऊक होतं.

मी शेवटची घासाघीस केली. पिशवी कशाला काढता, नुसते खडे काढा की. डॉक्टर म्हणाले, लोक आधी तसंच करायचे. पण खडे पिशवीत असतात एवढंच नाही, ते पिशवीतच तयार होतात. पिशवी ठेवली की पुन्हा हंगाम. हा विचार करून बर्लिनच्या कार्ल लांगेनबुखने १५ जुलै १८८२ रोजी पहिल्यांदा अख्खं पित्ताशय काढलं आणि रुग्ण बरा होऊन घरी गेला. तेव्हापासून शंभर वर्षं हे काम बरगडीखाली हातभर चीर देऊन व्हायचं. आमच्या सासरेबुवांच्या पोटावर तशी खूण आहे, लग्नाकार्यात आग्रह केला तर दाखवतात. १९८५ साली जर्मनीत एरिश म्यूहेने दुर्बिणीतून ते करून दाखवलं, तर त्याच्याच देशातल्या सर्जननी त्याला वेड्यात काढलं. आपल्याकडे १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडियांनी पहिल्यांदा केलं. आता जिल्ह्याच्या गावीही होतं.

"पण पिशवीशिवाय माणूस जगतो?"

"घोड्याला पित्ताशय नसतंच. पळतो की."

मुद्द्याची जागा डॉक्टरांनी सगळ्यात शेवटी दाखवली. माझ्या तक्त्यावर तिथे काहीच नव्हतं, मी पार्श्वभूमीचा आकाशी रंग भरला होता. पित्ताशयाची नळी, यकृताकडून येणारी नळी आणि यकृताची खालची कड यांच्यामधला एक त्रिकोण. झाँ-फ्रांस्वा कॅलोने १८९१ सालच्या प्रबंधात इथल्याच त्रिकोणाचं वर्णन केलं, म्हणून कॅलोचा त्रिकोण. पिशवीला रक्त पुरवणारी बारीक धमनी याच त्रिकोणातून जाते. बहुतेकांत एक, काहींत दोन. कुणात नळीच्या पुढून, कुणात मागून. यकृताची मोठी धमनीसुद्धा काही जणांत वळसा घालून इथे डोकावून जाते. आणि पित्ताशयाची म्हणून मुख्य पित्तनलिकाच कापली गेली तर रुग्णाचा जन्म दवाखान्यात जातो. म्हणून नियम असा, की त्रिकोण आधी साफ करायचा, पिशवीचा खालचा भाग यकृतापासून सोडवायचा, आणि पिशवीत जाणाऱ्या दोनच गोष्टी, एक नळी नि एक धमनी, आरपार दिसल्याशिवाय क्लिप लावायची नाही. अमेरिकेतल्या स्ट्रासबर्गनी १९९५ मध्ये याला नाव देऊन ठेवलं आहे.

हा त्रिकोण माझ्या डोक्यात बसला. ऑपरेशनची तारीख पुढची होती, तोवर आपण तो प्रत्यक्ष बघायचाच.

आमच्या जिल्ह्यात यासाठी सोय चांगली आहे. जिल्ह्याचं नाव बदललं तरी शेळी अजून उस्मानाबादीच आहे. काळी, काटक आणि बहुतेकदा जुळं देणारी. शेळीला पित्ताशय असतं. ज्यांच्याकडून मी मटण घेतो त्या चाचांच्या दुकानाचा बोर्ड मीच रंगवलेला, त्यावरचा बोकड हसतो आहे. का हसतो हे चाचांनी मला कधी विचारलं नाही.

रविवारी सकाळी मी म्हणालो, "चाचा, काळीज द्या. पण पिशवीसकट."

चाचांचा सुरा थांबला. "पेंटर, पिशवी कुणी मागत नाही. मागितली तरी देऊ नये."

"अभ्यास करायलाव."

"आधी हे बघ." त्यांनी टांगलेल्या बोकडाचं काळीज बाहेर ओढलं. डाव्या हाताचा अंगठा आणि बोट पिशवीच्या मानेवर गेलं, हलकी चिमूट बसली, म्हणजे आतलं पाणी मागे राहिलं. उजव्या हाताने सुऱ्याचं टोक पिशवीच्या कडेने फिरवलं, काळजाचा पातळसा पापुद्रा पिशवीलाच ठेवला, आणि सगळं एका ओढीत सुटून त्यांच्या तळहातावर आलं. भरलेलं, न थेंबलेलं. पानाला चुना लावायलाही मला याहून जास्त वेळ लागतो. "काळीज थोडं गेलं तर जाऊ दे, पिशवीला धक्का नको," चाचा म्हणाले आणि पिशवी मागे टाकून दिली. दुसरं काळीज पिशवीसकट कागदात बांधून देताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. बहुतेक दुआ असावी, काळजासाठी.

त्या दिवशी लातूरहून साडू जेवायला यायचे होते. स्वयंपाकघरात मसाला भाजला जात होता. मी मागच्या ओट्यावर पाट मांडला, काळीज ठेवलं, दाढीचं ब्लेड, दोन नंबरचा ब्रश आणि सर्जननी कागदावर काढून दिलेला त्रिकोण समोर. त्रिकोण कुठेच नव्हता. होती ती पिवळट चरबी, ओलसर पापुद्रे, आणि त्यांच्या आत कुठेतरी नळीसारखं काहीतरी बोटाला लागत होतं. लाल नाही, निळं नाही. एक पापुद्रा उचलला, खाली दुसरा. मेहुण्याचा मुलगा मोबाइलचा टॉर्च धरून उभा होता, तो म्हणाला, "काका, ही बघा नळी." मी ब्लेड लावलं. ती नळी नव्हती, पिशवीची मान होती.

पित्ताला चांगलाच दाब असतो. पहिला फवारा माझ्या चष्म्यावर गेला, उरलेलं काळजावर पसरलं, तिथून पाटावर, पाटावरून बाजूला धुऊन ठेवलेल्या मटणाच्या पातेल्यात. रंग मात्र अस्सल. जर्द हिरवा, कडेला पिवळा पडत जाणारा. जलरंगवाले बैलाचं पित्त मुद्दाम वापरतात, दोन थेंब पाण्यात टाकले की रंग कागदावर अडखळत नाही. ही माहिती मी बायकोला दिली. तिने पातेलं उचललं, वास घेतला, आणि माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "भावजींना काय सांगू?" मटण तीन पाण्यांनी धुतलं. एक फोड शिजवून बघितली. चाखल्यावर बायकोचा चेहरा उतरला. साडूंनी त्या दिवशी पिठलं-भाकरी खाल्ली आणि लातूरला गेल्यावर सगळीकडे सांगितलं की धाराशिवकडे हल्ली देवाचं फार करतात.

ऑपरेशन झालं त्याचं वर्णन मी करू शकत नाही, मी नव्हतो. एवढं ऐकून आहे की बेंबीपाशी कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, म्हणजे आत काम करायला जागा होते. चार छोटी भोकं पाडतात. एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून लांब दांड्यांची हत्यारं. जाग आली तर पोट बऱ्यापैकी, पण उजवा खांदा असा ठणकत होता की मी ओरडलो, "खांद्याला कुणी हात लावला?" नर्सने डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, कुणीही नाही. गॅसने पडदा चिडतो, छाती आणि पोट यांच्यामधला. त्याची नस निघते मानेतून, आणि खांद्याची कातडीही त्याच मणक्यांच्या नसांवर. त्यामुळे पडदा रडला की मेंदूला वाटतं खांदाच रडतोय. ऐकून बरं वाटलं. उजवी-डावी बाजू ओळखण्यात माझ्याहून कच्चं असं कुणीतरी माझ्याच डोक्यात होतं.

आत राहिलेल्या टायटॅनियमच्या क्लिपांची मला काही दिवस काळजी होती. तुळजापुरात दर्शनाच्या रांगेत मेटल डिटेक्टर वाजला तर पुजाऱ्याला काय सांगायचं याचं उत्तर मी पाठ करून गेलो. वाजला नाही. हिरमोड झाला.

डॉक्टरांनी ऑपरेशनचं चित्रण पेनड्राइव्हवर दिलं होतं. घरी टीव्हीला लावलं. अण्णा आले, आक्का आली, मेहुणा आला, मेहुण्याने शेंगदाणे आणले. मी खुर्ची पुढे ओढून समजावून सांगायला बसलो आणि मला काहीच समजावता येईना. पडद्यावर सगळं पिवळं. चरबी, तिच्यावर ओला चकाकता पापुद्रा, मागे तांबूस यकृत, आणि त्याला चिकटलेली करडी-निळसर, जाड झालेली पिशवी. पोपटी कुठे नाही. हत्याराचं टोक येतं, एक धागा बाजूला करतं, थांबतं. पुन्हा एक धागा. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मेहुणा म्हणाला, "कापत का न्हाईत?" मग हळूहळू त्या पिवळ्यातून दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. एक नळी. तिच्या वरच्या अंगाला एक बारीक फिकट दोरी, आणि ती दोरी ठोके देत होती. त्या दोघींमधल्या फटीतून मागचं यकृत दिसलं. कॅमेरा तिथेच थांबला, डाव्या अंगाने बघितलं, उजव्या अंगाने बघितलं, आणि मगच क्लिप आली. खोलीत कुणी शेंगदाणा फोडत नव्हतं.

अण्णांनी विचारलं, "मुतखडा कुठाय ह्यात?"

खरे खडे डॉक्टरांनी बाटलीत दिले. पिवळट-तपकिरी, एकमेकांना घासून पैलू पडलेले. मी ते अंगणात उन्हात ठेवून बघितले. वितळले नाहीत.

पंधरवड्याने मटण आणायला नव्हे, दाखवायला म्हणून चाचांकडे गेलो. शर्ट वर करून चार टाके दाखवले. चाचांनी सुरा पुसला, वाकून एकेक टाका बघितला.

"काढली?"

"काढली."

"फुटली नाही ना?"

"नाही. मी स्वतः बघितलं टीव्हीवर. अख्खी निघाली."

"मग उस्ताद आहे," चाचा म्हणाले. "काळीज किती गेलं?"

"जरासुद्धा नाही. ते लोक पिशवी यकृताला शक्यतो धक्का न लावता सोडवतात."

चाचांना हे पटलं नाही, पण दुसऱ्याच्या कारागिरीवर ते एकदम बोलत नाहीत. बाटली हलवून खडे बघितले, उजेडाला धरले. मग विचारलं, "घेतले किती?"

मी आकडा सांगितला.

"एका पिशवीचे?"

"एका."

चाचा बराच वेळ टांगलेल्या बोकडांच्या रांगेकडे बघत राहिले. मग बाहेर आले, मान वर करून स्वतःच्या दुकानाचा बोर्ड न्याहाळला, आणि हसणाऱ्या बोकडाच्या खालची जागा बोटांनी मापत म्हणाले, "पेंटर, इथं अजून एक ओळ बसंल का?"